भूकंप आणि चर्चमधला पाइप ऑर्गन



‘ऑर्गन’ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. संगीत नाटकांच्या काळात रंगमंचापुढे एका अंगाला तबला आणि दुसऱ्या अंगाला पायाने भाता मारायचा ऑर्गन, ही मांडणी ठरलेली असे. तो ऑर्गन आपल्या पेटीच्याच कुळातला. भात्यातली हवा पितळी सुरांवरून जाते आणि सूर बोलतो. आज मी ज्या ऑर्गनबद्दल लिहितो आहे तो मात्र निराळा. तो चर्चमधला पाइप ऑर्गन. त्यात बहुतेक आवाज नळ्यांतून निघतो, बासरीतून किंवा शिट्टीतून निघावा तसा. अशा शेकडो, कधी हजारो नळ्या एका सांगाड्यात उभ्या असतात. त्यामुळे हे वाद्य उचलून दुसरीकडे ठेवायचे नसते. ते इमारतीतच बांधून काढावे लागते.

भूकंपात हे वाद्य पडू नये, मोडू नये आणि कुणाच्या अंगावर येऊ नये म्हणून काय करतात, हा आजचा विषय.

बडोद्यातल्या मराठी मंडळींनी हे कशासाठी वाचावे, असे कुणी विचारील. एक कारण असे की आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज न्यूझीलंड, कॅलिफोर्निया, जपान अशा भूकंपाच्या मुलखांत राहतात. तिकडे गेल्यावर आपण जुनी चर्च पाहायला जातोच. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. ऑर्गनला लागू पडणारे नियम आपल्या घरातल्या कपाटाला आणि मंडळाच्या सभागृहातल्या मांडणीलाही लागू पडतात. २६ जानेवारी २००१ची सकाळ गुजरातेत ज्यांनी अनुभवली, त्यांना भूकंप म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

मी वादक नाही आणि इंजिनिअरही नाही. आयुष्य बँकेत गेले. कर्जाचा कागद समोर आला की पहिला प्रश्न पडतो तो हा की याला आधार कशाचा? ऑर्गनकडेही मी त्याच प्रश्नाने पाहिले.

ऑर्गन उभा कशावर असतो?

सर्वांत खाली भाता. पूर्वी तो माणसे हाताने किंवा पायाने चालवत, आता विजेचा पंखा हवा भरतो. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून भात्यावर वजने ठेवलेली असतात. काही जुन्या ऑर्गनांत लोखंडाचे ठोकळे असतात, काहींत चक्क विटा. भात्यातली हवा लाकडी बोगद्यांतून एका लांबरुंद पेटीत येते. तिला आपण हवापेटी म्हणू. या हवापेटीच्या वरच्या फळीला भोके असतात आणि प्रत्येक भोकात एका नळीचा निमुळता पाय टेकवलेला असतो. वादकाने पट्टी दाबली की त्या भोकाखालची झडप उघडते आणि नळी बोलते.

ही नळी तिथे चिकटवलेली नसते, खिळलेलीही नसते. सूर जुळवायला, साफसफाईला ती हाताने उचलून काढता यायला हवी. म्हणून तिचा पाय भोकात बसतो आणि पायाच्या थोडे वर, साधारण वीतभर उंचीवर, भोके पाडलेली आणखी एक आडवी फळी असते. त्या फळीच्या भोकातून नळी वर जाते आणि सरळ उभी राहते. लहान नळ्यांना एवढाच आधार असतो.

मोठ्या नळ्यांची गोष्ट वेगळी. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी असते, तर खर्जाच्या नळ्या आठ फूट, सोळा फूट आणि मोठ्या ऑर्गनांत बत्तीस फूट लांबीच्या असतात. बत्तीस फूट म्हणजे जवळजवळ तीन मजले. यांच्या पाठीमागे डाख देऊन एक आकडा बसवतात आणि तो सांगाड्यावरच्या आडव्या दांडीला अडकवतात. बऱ्याच नळ्या शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या असतात, काही जस्ताच्या, काही लाकडाच्या. शिसे आणि कथील यांचा पत्रा जड असतो आणि मऊही असतो. एवढी उंच नळी पडली तर खालच्या माणसाला मोठी इजा होऊ शकते आणि नळीही पिचते.

म्हणजे एकंदर हिशेब असा की ऑर्गनचा बराचसा भाग आपल्याच वजनाने जागेवर राहतो. नळी भोकात बसते ती वजनाने, आकडा दांडीवर राहतो तो वजनाने आणि भात्यावरचा ठोकळाही वजनानेच. जमीन स्थिर आहे तोवर ही व्यवस्था शतकानुशतके चालते. भूकंपात मात्र नेमका हाच आधार हलतो.

हादऱ्यात काय होते?

थोडे गणित करू. दहा फूट उंच आणि सहा इंच रुंद असे काही मोकळे उभे आहे असे समजा. उंची रुंदीच्या वीसपट झाली. अशी वस्तू डुलायला लागण्यासाठी तिच्या वजनाच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे पाच टक्के आडवा जोर पुरतो. २२ फेब्रुवारी २०११ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराच्या मध्यभागी यंत्रांनी नोंदलेला आडवा जोर वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक होता. उंच नळी नुसती उभी राहिली असती तर तिचे काय झाले असते, हे त्यावरून कळेल. म्हणूनच आधाराची फळी आणि आकडा लागतो.

आता तो आधार कुठे आहे तेही पाहू. पाच किलोची चार फुटी नळी घ्या. तिचे वजन मध्यावर, म्हणजे दोन फुटांवर एकवटले आहे असे धरू. वजनाच्या निम्मा आडवा जोर आला, म्हणजे अडीच किलो. आधाराची फळी सहा इंचांवर असेल तर तरफेच्या नियमाने तिला चौपट, म्हणजे दहा किलो जोर सोसावा लागतो. तोच आधार दोन फुटांवर असता तर अडीच किलोत भागले असते. फळी जितकी खाली, तितका तिच्यावरचा आणि नळीच्या मऊ पायावरचा भार जास्त. फळीचे भोक फाटते किंवा पाय मुडपतो, आणि एक नळी शेजारणीवर, ती तिच्या शेजारणीवर, अशी रांगच्या रांग आडवी होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जमीन नुसती आडवी हलत नाही, वरखालीही हलते. जमीन खाली जाण्याचा वेग पडत्या वस्तूपेक्षा जास्त वाढला तर त्या क्षणापुरते वरच्या वस्तूला वजनच उरत नाही. २०११च्या त्या भूकंपात क्राइस्टचर्चच्या हीथकोट व्हॅली या भागात उभ्या दिशेचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून अधिक नोंदले गेले. अशा वेळी दांडीवर नुसता टेकलेला आकडा अलगद उचलला जातो आणि नळी सुटते. जी वस्तू केवळ आपल्या वजनावर राहते, ती भूकंपात सुटी आहे असेच धरून चालायचे.

आणखी एक अडचण आहे. पुष्कळ चर्चमध्ये ऑर्गन जमिनीवर नसून मागच्या बाजूच्या सज्जावर असतो. इमारत जितकी उंच जावी तितके तिचे हेलकावे वाढतात. त्यामुळे सज्जावरच्या ऑर्गनला जमिनीपेक्षा जास्त हिसके बसतात, आणि त्याच्या खालून लोकांची जा-ये असते.

इमारत उभी, पण आतले सामान पडलेले

आपण भूकंप म्हटले की कोसळलेल्या इमारतीच पाहतो. इमारत शाबूत राहूनही आतले सामान निकामी होते, याकडे लक्ष कमी जाते. १४ नोव्हेंबर २०१६ला मध्यरात्री न्यूझीलंडमध्ये कैकौरा इथे ७.८ रिश्टरचा भूकंप झाला. राजधानी वेलिंग्टन केंद्रापासून बरीच दूर. तिथले सेंट पॉल कॅथीड्रल उभे राहिले, पण आतला मोठा पाइप ऑर्गन निकामी झाला.

जपानमधल्या कावासाकी शहरात मुझा नावाचे संगीत सभागृह आहे. २००४ साली उघडलेले, म्हणजे बांधकाम नवे. त्यात पाच हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन आहे. ११ मार्च २०११चा प्रचंड भूकंप तिथून शेकडो किलोमीटरवर समुद्रात झाला. इमारत पडली नाही, पण सभागृहाचे छत आत कोसळले. कार्यक्रम चालू नव्हता म्हणून कुणाला इजा झाली नाही. सभागृह पुन्हा उघडायला एप्रिल २०१३ उजाडला.

फिलिपाइन्समध्ये लास पिन्यास इथल्या चर्चमध्ये एक प्रसिद्ध ऑर्गन आहे. फादर दिएगो सेरा यांनी तो १८१६ ते १८२४ या काळात बांधला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे एकामागून एक भूकंप झाले, त्यांत १८६३ आणि १८८०चे मोठे होते. पुढे वादळाचाही तडाखा बसला आणि ऑर्गन वाजेनासा झाला. त्याची संपूर्ण दुरुस्ती व्हायला १९७३ साल उजाडले. त्या वर्षी तो जर्मनीत बॉनच्या क्लाइस या कारागिरांकडे पाठवला आणि १९७५ साली परत आला. काही सेकंदांच्या हादऱ्याची भरपाई होण्यात पिढ्या जाऊ शकतात, त्या अशा.

बंदोबस्त कसा करतात?

हे काम दोघांनी मिळून करायचे असते. एक ऑर्गन बांधणारा कारागीर आणि दुसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर. कारागिराला वाद्य कळते, इंजिनिअरला इमारत कळते. एकट्याने केलेले काम अर्धवट राहते. साधारण क्रम असा असतो.

पहिली पाहणी इमारतीची. ऑर्गन भिंतीला पक्का बांधला आणि ती भिंतच दगड-चुन्याची, लोखंडाचा आधार नसलेली असली, तर भिंत ऑर्गनला घेऊन पडेल. जुन्या चर्चच्या दर्शनी बाजूची उंच त्रिकोणी भिंत, शिखर आणि कठडे हे भाग सर्वांत आधी पडणारे. क्राइस्टचर्च शहराच्या कॅथीड्रलचा इतिहासच पाहा. १८८८च्या भूकंपात त्याच्या दगडी शिखराचा शेंडा पडला. तो पुन्हा बांधला तर १९०१ साली पुन्हा पडला. मग वरचा भाग लाकडाचा करून त्यावर तांब्याचा पत्रा मढवला. २०११ साली मात्र शिखर तर गेलेच, खालच्या मनोऱ्याचा भागही पडला. तेव्हा आधी इमारतीला बळकटी द्यावी आणि मग इंजिनिअर दाखवील त्या खांबाला, तुळईला किंवा जमिनीला ऑर्गन बांधावा.

दुसरे काम सांगाड्याचे. ऑर्गनचा सांगाडा बहुधा लाकडी असतो आणि वरचे वजन पेलण्यासाठी केलेला असतो. खालून उचलायला तो मजबूत असतो, पण बाजूने ढकलला तर पत्त्यांच्या घरासारखा तिरका होऊ शकतो. त्याला तिरक्या पट्ट्या मारून कैची घालतात. त्यामुळे चौकोनाचे त्रिकोण होतात आणि तो तिरपत नाही. मग सांगाडा तळाशी जमिनीला आणि वर इमारतीला बोल्टने जखडतात. फक्त तळाशी बांधून वर सोडून दिले तर वरचा भाग डुलून भिंतीवर आपटतो. वर बांधणे शक्यच नसेल तर भिंत आणि ऑर्गन यांत पुरेशी मोकळी जागा ठेवावी लागते. ती किती, हे इंजिनिअर हिशेब करून सांगतो.

तिसरे काम नळ्यांचे. मघाच्या गणिताप्रमाणे लांब नळ्यांना खालच्या फळीशिवाय वर आणखी एक आधार देतात, शक्यतो मध्याच्या वर. त्या आधाराला फेल्ट किंवा चामडे लावतात. याची दोन कारणे आहेत. मऊ पत्र्याला कड लागून तो फाटू नये, हे एक. दुसरे असे की धातूला धातू लागला तर वाजवताना झिरझिर आवाज येतो आणि वादक चार दिवसांत तो आधार काढून टाकायला लावतो. मोठ्या नळ्यांचा आकडा नुसता टेकलेला न ठेवता त्याला वरून अडसर घालतात, म्हणजे वरखाली हिसका बसला तरी तो उसळून निघत नाही. कुठे पुढून आडवी पट्टी लावतात, कुठे मजबूत फितीने नळी दांडीला बांधतात. दर्शनी भागातल्या नळ्या सर्वांत उंच असतात आणि त्यांच्याखाली गायक किंवा भाविक बसलेले असतात, म्हणून सुरुवात तिथून करावी.

इथे एक पथ्य आहे. नळीच्या तोंडाजवळ काही लावायचे नाही. तिथली हवा अडली की सूर बदलतो. वरच्या टोकाशी जिथे सूर जुळवतात तिथेही लावायचे नाही. आणि प्रत्येक बंधन हाताने सोडता आले पाहिजे, कारण जुळवणारा कारागीर ठरावीक दिवसांनी येतच राहणार. तो गेल्यावर सगळे अडसर पुन्हा बसले आहेत का, हे कुणीतरी जबाबदारीने पाहायला हवे. बँकेत रोकड मोजून झाल्यावर तिजोरीला दुसऱ्याने हात लावून पाहायची पद्धत असते, तसेच हे.

चौथे काम सुट्या वजनांचे. भात्यावरचे ठोकळे आणि विटा बांधून टाकाव्यात किंवा त्यांच्या जागी स्प्रिंगा बसवता येतील का, हे कारागिराला विचारावे. हवेचे बोगदे जिथे एका भागातून दुसऱ्या भागात जातात तिथे चामड्याचा लवचिक सांधा असला की हिसक्याने तडकत नाहीत. विजेच्या तारांनाही थोडी ढील हवी. ऑर्गनच्या आत सूर जुळवायला ठेवलेली शिडी, जुन्या नळ्या, रंगाचे डबे, हे सगळे बाहेर काढावे. ही साफसफाई बिनखर्चाची आहे.

पाचवे काम म्हणजे मान वर करून पाहणे. ऑर्गनच्या डोक्यावर गिलाव्याचे छत आहे का? मोठा दिवा टांगला आहे का? पाण्याचा नळ गेला आहे का? कावासाकीत संकट वरून आले. नळ्या कितीही पक्क्या बांधल्या तरी वरून छत आले तर उपयोग नाही. गिलावा पडला नाही तरी त्याची बारीक धूळ नळ्यांत आणि झडपांत जाते आणि सगळा ऑर्गन सुटा करून साफ करावा लागतो.

जुन्या ऑर्गनांबाबत आणखी एक दक्षता घेतात. मूळ लाकडाला आणि नळ्यांना नवी भोके पाडायची नाहीत. केलेले काम उद्या काढून टाकता आले पाहिजे. दोनशे वर्षांच्या वस्तूला वाचवताना तिचे मूळ रूपही वाचायला हवे.

धक्क्यानंतर : आधी माणूस

आता जे लिहितो आहे त्याच्यासाठीच खरे तर हा लेख आहे.

४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे क्राइस्टचर्चजवळ ७.१ रिश्टरचा भूकंप झाला. लोक घरांत झोपलेले होते, रस्ते रिकामे होते. नुकसान पुष्कळ झाले, पण धक्क्यात चिरडून कुणी गेले नाही. शहराने सुटकेचा श्वास सोडला. मात्र जुन्या दगडी इमारती खिळखिळ्या झाल्या होत्या. त्यांत ड्युरॅम स्ट्रीट मेथडिस्ट चर्च होते. १८६४ साली बांधलेले, त्या प्रांतातले पहिले दगडी चर्च. ते बंद ठेवण्यात आले. आतला पाइप ऑर्गन मोलाचा होता, तो सुटा करून सुरक्षित जागी न्यायचे ठरले आणि ऑर्गनचे कारागीर कामाला लागले.

२२ फेब्रुवारी २०११. दुपारचे १२ वाजून ५१ मिनिटे. या वेळचा भूकंप ६.३ रिश्टरचा, आकड्याने लहान, पण शहराच्या अगदी जवळ आणि जमिनीखाली फार खोल नसलेला. काम चालू असतानाच ते चर्च कोसळले आणि ऑर्गन काढणारी तीन माणसे त्यात गेली. त्या दिवशी एकूण १८५ माणसे गेली. पुढे इमारती का पडल्या याची चौकशी करायला तिथल्या सरकारने रॉयल कमिशन नेमले आणि या चर्चचीही त्यात चौकशी झाली.

ती माणसे बेफिकीर नव्हती. आपल्या हातांनी सांभाळलेले वाद्य वाचवायला ती आत गेली होती. पण मोठ्या भूकंपानंतर महिनोन्‌महिने मागाहून धक्के येत राहतात, आणि खिळखिळ्या इमारतीत त्यातला एखादाही जिवावर बेततो. पहिला धक्का मोठा आणि पुढचे लहान, हा समज त्या शहराला फार महागात पडला. आकडा लहान असला तरी केंद्र जवळ असेल तर हादरा जास्त बसतो.

म्हणून नियम साधा आहे. ऑर्गनचा बंदोबस्त जमीन शांत असताना करायचा. धक्क्यानंतर इंजिनिअरने इमारत पाहून, आधार देऊन, लेखी परवानगी देईपर्यंत आत कुणी जायचे नाही, मग वाद्य कितीही मोलाचे असो. पंखा सुरू करून ऑर्गन वाजतो का, हेही पाहायचे नाही. विजेची तार तुटलेली असू शकते आणि अर्धवट सुटलेली नळी हवेच्या थरथरीने खाली येऊ शकते.

आधी बांधून ठेवण्याचे खरे मोल इथे कळते. वाद्य पक्के बांधलेले असेल, त्याची नोंद आणि विमा नीट असेल, तर घाईने आत जायचा मोह होत नाही. वाद्य सुरक्षित ठेवण्यात माणसाची सुरक्षितताही आहे.

नोंदी आणि विमा

हा प्रांत माझा, म्हणून थोडे अधिकाराने सांगतो.

ऑर्गनचे सर्व बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, आतलेसुद्धा. प्रत्येक रांगेतल्या नळ्यांची संख्या, धातू आणि मापे लिहावीत. या कागदांची एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. पडलेल्या नळ्यांच्या ढिगातून कुठली नळी कुठली, हे ठरवायला कारागिराला याचा उपयोग होतो. दावा मंजूर करणाऱ्यालाही होतो.

विम्याची रक्कम ठरवताना एक घोळ नेहमी होतो. संस्थेच्या हिशेबवहीत जुन्या वस्तूवर दरवर्षी घसारा वजा होत जातो आणि शेवटी तिची किंमत नाममात्र उरते. ऑर्गनसारख्या वस्तूचा विमा त्या आकड्यावर उतरवून चालत नाही. आज असाच ऑर्गन नव्याने बांधायला काय लागेल, हा आकडा धरावा लागतो. समजा तो खर्च १ कोटी आहे आणि विमा ६० लाखांचा उतरवला. नुकसान २० लाखांचे झाले. पुष्कळांना वाटते की २० लाख मिळतील, कारण ते ६० लाखांच्या आत आहेत. पण पॉलिसीत सरासरीचे कलम असेल तर ६० टक्केच, म्हणजे १२ लाख मिळतात. बाकीचे ८ लाख संस्थेचे. आणि मुळात भूकंप पॉलिसीत धरला आहे की तो वेगळा हप्ता भरून घ्यावा लागतो, हे वाचून पाहावे. आगीच्या पॉलिसीत सगळे येते असे समजू नये.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१पासून घरांसाठी जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मिळते तिच्यात भूकंप धरलेला आहे. संस्थांच्या आणि दुकानांच्या जुन्या पॉलिसी मात्र काढून नीट वाचाव्यात.

आपल्या घरी, आपल्या सभागृहात

आपल्या सभागृहात बत्तीस फुटी नळी नाही. पण पुस्तकांची उंच कपाटे आहेत, त्यांच्यावर ठेवलेल्या करंडकांच्या पेट्या आहेत, भिंतीवर काचेच्या चौकटीत मोठ्या तसबिरी आहेत. घराघरांत लोखंडी कपाट आहे आणि त्याच्यावर बॅगा. मघाचे गणित इथे लावून पाहा. साडेसहा फूट उंच आणि दीड फूट खोल कपाट डुलायला वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढा आडवा जोर पुरतो.

उपायही तेच आहेत. कपाट वरच्या बाजूला लोखंडी पट्टीने भिंतीला बांधावे. भिंत नुसत्या पातळ फळ्यांची असेल तर तिला बांधून उपयोग नाही. जड वस्तू खालच्या कप्प्यात आणाव्यात. पलंगाच्या उशाशी जड तसबीर टांगू नये. दारासमोर उंच मांडणी नको, कारण ती आडवी झाली तर बाहेर पडायची वाट बंद होते. गॅसचा सिलिंडर उभा, हलणार नाही असा ठेवावा आणि त्याचा रेग्युलेटर बंद करता येतो का, हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवावे. मंडळाची पेटी आणि तबला कपाटाच्या माथ्यावर न ठेवता खालच्या खणात ठेवावेत. लातूर-किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप पहाटे झाला आणि माणसे झोपेतच सापडली. म्हणून निजायच्या खोलीपासून सुरुवात करावी.

हे सगळे करायला एक रविवार आणि काही लोखंडी पट्ट्या लागतील. आपल्या सभागृहातली कपाटे बांधायचे काम पुढच्या साफसफाईच्या दिवशीच हाती घ्यावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. सुतारकाम जाणणाऱ्या सभासदांनी आपली नावे कार्यालयात द्यावीत. पट्ट्या आणि बोल्ट यांचा खर्च किती येईल ते मी काढून देतो.